सुनंदाबाईचं मीठ

लोटन पाटलाला गर्व करायला निमित्त लागत नसे. चोपड्याकडच्या त्याच्या केळीच्या बागेतला घड दोन माणसांनी उचलावा लागतो, हे तो वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही थांबवून सांगायचा. पण त्याचा सगळ्यात मोठा अभिमान मात्र त्याला कुणापुढं मिरवता येत नव्हता. तो होता त्याच्या बायकोच्या रक्तातला एक आकडा.

सुनंदाबाई लिथियमची गोळी घ्यायची. पूर्वी तिचं मन एकदा उधाणायचं, मग महिना-महिना अंथरुणात विझून पडायचं. गोळी लागू पडली आणि बाई सावरली. ही गोळी कमी पडली तर उपयोग नाही आणि जास्त झाली तर विष, म्हणून मधूनमधून रक्तातली पातळी तपासावी लागे. रात्रीच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी रक्त देता यावं म्हणून, सकाळची गोळी खिशात ठेवून, लोटन तिला मोटारसायकलवर जळगावला न्यायचा. रक्त देऊन झालं की गोळी स्वतःच्या हातानं द्यायचा. आकडा कायम हवा तिथंच. एवढं नीट तर त्याचं ठिबकही चालत नव्हतं! पण भाऊबंदांत त्यानं सांगून ठेवलं होतं बीपी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

या वर्षी हितेंद्रला, त्याच्या पोराला, धुळ्यात सरकारी नोकरी लागली. लोटननं खानदेशच्या कानबाई देवीला बोललेला नवस फेडायला घेतला: पोळ्यापर्यंत नवराबायको दोघं अळणी खातील. बायकोला विचारलं नव्हतंच. तिनंही मीठ सोडलं, कारण पोरगा तिचाही होता.

श्रावण लागला आणि सुनंदाबाईचे हात कापू लागले. पोट बिघडलं, चहाची बशी हातात राहीना. घरोघर कानबाई बसायच्या आदल्या दिवशी लोटननं जळगाव गाठलं. दुपारी आकडा हातात आला तेव्हा त्याचा चेहराच उतरला. पातळी पार वर गेली होती.

"गोळी वाढवली का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे हो, मी स्वतः देतो!"

"मग खाण्यात काय बदललं?"

नवस ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "लोटनभाऊ, बरीचशी औषधं यकृत मोडून टाकतं. हे तसं मोडत नाही. हे मिठाच्याच जातीचं, मूत्रपिंडाच्या वाटेनं जसंच्या तसं बाहेर पडतं. अंगात मीठ कमी पडलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, आणि त्याबरोबर हेही. ठिबकच्या पाण्यात खत जास्त झालं की केळीचं पान करपतं ना? तसंच. आता गोळी थांबवा, पाणी भरपूर द्या, आणि मीठ आजपासून नेहमीइतकं. परवा परत रक्त. तोवर चालताना झोक जायला लागला, बोलणं अडखळलं, तर क्षणभर थांबू नका."

वाटेत लोटन म्हणाला, "घर जाईसन गुपचूप मीठ खाई ले. संध्याकायले अक्काकडे जेवन शे, तठे अळनीच जेव. भाऊबंदमा नवस मोडाना म्हंजे नाक कापाई जाई."

"घरमा चोरीसन खावानं?" सुनंदाबाई म्हणाली. "मी काय चोर शे का?"

संध्याकाळी थोरल्या जावेकडं, भिकुबाईअक्काकडं, सगळे भाऊबंद जेवायला जमले. अक्कानं नवसाच्या दोघांसाठी गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी वेगळी, अळणी काढून ठेवली होती. सुनंदाबाईनं ती बाजूला सारली.

"अक्का, माले मीठ वाढ."

हात थांबले. चुलतभाऊ तोतारामला असलं काही आयतंच हवं असायचं. "का वं वैनी, कानबाई दारमा येल शे नि नवस मोडस?"

लोटननं उचलली जीभ लावली टाळ्याला. "तिले बीपी शे. डॉक्टरनी मीठ खावाले सांगेल शे."

"बीपीले तं मीठ सोडाले सांगतस!" तोताराम हसला. सगळेच हसले.

"बीपी नही शे माले," सुनंदाबाई म्हणाली. तिचा हात कापत होता, आवाज नाही. "डोकानी गोयी शे. मी पडी राहू, रडू, तुम्ही बठ्ठासनी देखेल शे. त्या गोयीवर मी उभी शे. मीठ सोडं तं ती आंगमा साचनी. मरी जासू मी."

लोटनला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. आणि त्याच क्षणी, बायकोकडं बघता बघता, त्याची छाती भरून आली. इतकी वर्षं जे सांगायला तो भीत होता, ते तिनं सगळ्यांसमोर, ताठ बसून सांगितलं होतं.

भिकुबाई उठली. "नवस घरना शे ना? मंग घरनं कोनी बी फेडो. सुनंदाना वाटानं मीठ आजपाईन मी सोडस." मग खाली बसत पुटपुटली, "माले तं डॉक्टर दोन वरीसपाईन सांगी राह्यना. खरी बीपी मनी शे."

हशा पिकला. त्या घरात पुरुषानं बायकांच्या पंगतीत वाढायची रीत नव्हती. लोटन उठला, मिठाची वाटी घेतली आणि सगळ्यांदेखत बायकोच्या ताटात स्वतः वाढू लागला. चिमूट झाली, दुसरी झाली, तिसरी घेतली.

"पुरे," सुनंदाबाईनं त्याचा हात धरला. "नेहमीइतलंच सांगेल शे."

"ऐकं का रे तोताराम?" लोटन म्हणाला. "मनी बायको शे ही."