नीट सांगितलेलं गाऱ्हाणं

टक्, टक्, टक्.

सकाळपासून घरात कुणी कुणाशी बोललेलं नव्हतं. त्या शांततेत मागच्या खोलीतून इन्शुलीनच्या पेनाची चकती फिरल्याचा आवाज आला, आणि बंद दाराबाहेर बसलेल्या सहा वर्षांच्या आर्याने तो नेहमीसारखा मोजला.

"आई, आठ!"

"हळू बोल गो," स्वयंपाकघरातून आजी ओरडली. "अख्ख्या वाडीला सांगतेस काय?"

आत सानिकाने पोटाला सुई टोचली, थोडी थांबली, मग पेन गोधडीखाली सारलं. या घरात लग्न होऊन आल्यापासून ती दार लावूनच सुई घेत होती. चौथीत असताना तिला मधुमेह निघाला, तेव्हापासून सुई तिच्या बरोबरीने वाढली. मांजर पाळावं तसा तिने तो आजार पाळला होता. वेळेवर खायला घालायचं, लक्ष ठेवायचं, पण डोक्यावर चढू द्यायचं नाही. रत्नागिरीला ती ज्या शाळेच्या ऑफिसात कारकून होती, तिथे सगळ्यांना हे ठाऊक होतं. गावात मात्र कुणालाच नाही. ऑफिसात तिला डायबेटिस होता आणि गावात व्रत.

हे व्रत सासूबाईंच्या तोंडून निघालेलं. नवऱ्याने, सलिलने लग्नाआधीच आईला सगळं सांगितलं होतं. कुसुमबाई म्हणाल्या होत्या, "पोरगी मला पसंत हाय. पण गावाला कळता नये." पहिल्याच शिमग्यात शेजारच्या चिमाकाकीने नव्या सुनेपुढे जिलेबी धरली. सानिका नको म्हणाली. "का गो, नको का?" असं चिमाकाकीने विचारताच कुसुमबाई घाईघाईने बोलून गेल्या, "तिने गोड सोडलंय. देवीला बोललेय ती. मूल होईपर्यंत."

आर्या झाली. आता व्रत संपायला हवं होतं, पण मधुमेह कुठे संपला होता? मग ते आर्या चालायला लागेपर्यंत वाढलं, पुढे तिची शाळा पुरी होईपर्यंत. गावातल्या नव्या सुना सानिकाच्या पाया पडायला लागल्या. चिमाकाकीच्या सुनेने, तुळसाने तर मूल व्हावं म्हणून सानिकाचं बघून स्वतःही गोड सोडलं. ते कळलं त्या दिवशी सानिकाला जेवण गेलं नव्हतं.

आणि आता ही गाठ. आंघोळ करताना डाव्या छातीत बोटांना लागलेली, वाटाण्याएवढी, न दुखणारी. मधुमेहाची सगळी नखरेबाजी तिला पाठ होती, पण ही गाठ ओळखीची नव्हती. तपासणीत कॅन्सर निघाला. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर सापडली आहे, साखर आटोक्यात राहिली तर येत्या बुधवारी ऑपरेशन करून टाकू. सलिल जहाजावरून पुढच्या बंदरात उतरून थेट कोल्हापूरला येणार होता.

त्यावरूनच काल सासू-सुनेचं वाजलं. आज देवीची पालखी घरी येणार होती. पालखीपुढे धाकू गुरव प्रत्येक घराचं गाऱ्हाणं घालतो, ज्याचं जे दुखणं असेल ते मोठ्याने देवीला सांगतो.

"आई, यंदा माझं खरं गाऱ्हाणं घालायला सांगा," सानिका म्हणाली होती.

"गावाच्या पुरुषांपुढे छाती म्हणायचं? आजारपण म्हणू. देवीला कळतं."

"देवीला कळतं, गावाला कळत नाही. मी कोल्हापूरला गेले की चिमाकाकी काय म्हणेल? व्रत मोडलं, म्हणून देवी कोपली. आणि तेच आर्याला शाळेत ऐकावं लागेल. तुझ्या आईने देवीला फसवलं, म्हणून ती आजारी पडली. मी नसताना तिला कोण सांगणार की तसं नाही?"

"मी मेल्यावर सांग काय सांगायचं ते," म्हणून कुसुमबाई उठून गेल्या होत्या. तेव्हापासून घर मुकं होतं.

आता वरच्या वाडीतून ढोल जवळ आला आणि पोरं "निघाली, निघाली!" करत धावत गेली, म्हणून सानिकाने सुई घेतली होती. पालखी दारात येऊन नैवेद्य झाल्याशिवाय घरात कुणी जेवत नसे. म्हणजे अजून जरा वेळाने जेवण, असा तिचा हिशेब. पण पालखी वाटेत देवळाच्या आवारात नाचवायला थांबली. ढोल तिथेच घुमत राहिला.

अंगण माणसांनी भरलं. चिमाकाकी पुढे, तिच्या मागे तुळसा. रांगोळीजवळ पाट मांडला होता. पाटावर नारळ, फुलं आणि देवीपुढे ठेवायची साखर-खोबऱ्याची वाटी. सानिका खांबाजवळ उभी होती. आधी ओठ बधिर झाले. मग मानेवर घाम आला, उन्हाचा नव्हे, गार. तिने ओळखलं. सुई झाली, पोटात काही नाही, साखर उतरतेय. ग्लुकोजची पुडी मागच्या खोलीत गोधडीखाली, आणि दारात बायकांची ही गर्दी. नेमकी त्याच वेळी पालखी अंगणाच्या पायरीशी आली, सनई सुरू झाली, सगळ्यांनी हात जोडले.

"आर्या," ती म्हणाली. आवाज फुटला की नाही, तिलाच कळलं नाही.

आर्याने आईच्या तोंडाकडे पाहिलं. तेवढं तिला पुरे होतं. घरात जायला वाट नव्हती, म्हणून ती गर्दीतून वाकून पाटापाशी गेली, देवीची वाटी उचलली आणि आईला खाली बसवून साखरेची मूठ तिच्या तोंडात घातली.

"खा. आई, खा. चाव."

सनई चुकल्यासारखी थांबली.

"अगो बाय माझे!" चिमाकाकीने दोन्ही हात डोक्याला लावले. "पालखी दारात, आणि हिने व्रत मोडलं! ते पण देवीच्या वाटीतलं! नैवेद्य न दाखवलेलं!"

सानिकाला सगळं ऐकू येत होतं, पण बोलायला जीभ वळत नव्हती. साखर विरघळेपर्यंत तिच्या हातात काही नव्हतं. तिने फक्त सासूबाईंकडे पाहिलं. कुसुमबाईंच्या हातात ओवाळायचं ताट होतं. आता त्या नवीन काहीतरी रचतील, सानिकाला वाटलं. व्रत कालच संपलं म्हणतील.

धाकू गुरव शहाणा माणूस. त्याने प्रसंग सांभाळायला म्हणून गाऱ्हाण्याला सुरुवात केली. "बाय माझे, या गावची तू राखणदारीण. या घराण्याची सेवा गोड मानून घे, काय चुकलंमाकलं असेल, काय इडापीडा असेल..."

"थांब धाकू." कुसुमबाईंनी ताट खाली ठेवलं. "मोघम नको. नीट सांग."

"काय सांगू काकी?"

"सांग, व्रत नव्हतंच. मी खोटं बोलले. काय दंड लावायचा तो मला लाव म्हणावं, हिला नको." त्यांचा आवाज चढत गेला. "हिला पोरवयापासून साखर हाय. दिवसाला चार वेळा हातात सुई घेते आणि स्वतःच्या पोटात खुपसते. आपल्या म्हशीला डॉक्टर एक सुई देतो तर चार बाप्ये लागतात धरायला! ही कधी आई गं म्हणाली नाय. मीच मेली दार लावायला सांगत होते. असल्या अंगाने हिने ही पोर दिली आम्हांला, घर केलं, नोकरी केली. आता छातीत गाठ हाय. क्यान्सरची. बुधवारी कोल्हापूरला काढणार. ते सांग देवीला. आणि हेही सांग, अशी सून तिने मला एकदाच दिली, दुसरी मागितली तर तिच्याकडे पण नसेल."

बाप्यांनी माना खाली घातल्या. सानिकाच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि तोंडात साखर इतकी होती की हुंदकाही गोड लागत होता.

"पण वाटी..." चिमाकाकी पुटपुटली.

"देवीच्या घरची साखर लेकीने खाल्ली, त्यात तुझं काय गेलं गो?" कुसुमबाई म्हणाल्या.

धाकूने घसा खाकरला. असलं गाऱ्हाणं त्याच्या आज्यानेही घातलं नसेल. पण तो मागे हटला नाही. पालखीपुढे नारळ धरून तो ओरडला, "तर बाय माझे, ऐकलंस! या लेकराला साखरेचं दुखणं हाय. ते जे काय... ते इन्शुलीन... तुझ्याच कृपेने निघालेलं, ते असंच लागू पडू दे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अंगण म्हणालं.

"छातीत गाठ हाय. बुधवारी डॉक्टर हात घालील, त्याच्या हाताला यश दे, म्हाराजा!"

"बाई डॉक्टर हाय," कुसुमबाईंनी दुरुस्त केलं.

"तिच्या हाताला यश दे! आणि ती गाठ या घरातून उचलून घेऊन जा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

यावेळी आवाज एवढा मोठा आला की माडावरचे कावळे उडाले. त्यात चिमाकाकीचाही आवाज होता, जरा उशिरा निघालेला.

मग ढोल पुन्हा वाजला, पालखी खांद्यांवर चढली, अंगणात धूळ उडेपर्यंत नाचली आणि पलीकडे, शेजारी निलेशच्या घराकडे वळली. सानिकाच्या हातापायांत जीव परतला. तिने आर्याकडून आतून साखर मोजायचं मशीन मागवलं आणि पहिल्यांदाच पडवीत, सगळ्यांच्या देखत, बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर धरला. बायका वाकून बघत होत्या. मशीन टिकटिकलं.

"किती गो आली?" कुणीतरी विचारलं.

सानिकाने तोंड उघडायच्या आत कुसुमबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि बोर्डाच्या परीक्षेचा निकाल सांगावा तसं जाहीर केलं, "एकशे चार! एकदम बरोबर!"

तुळसा शेवटी हळूच जवळ आली. "वैनी, म्हणजे मी तीन वर्षं जिलेबी सोडली, ती..."

सानिकाने तिचा हात धरला. याच क्षणाची तिला सगळ्यात जास्त भीती होती. "माझंच चुकलं तुळसा, तेव्हाच सांगायला हवं होतं. कोल्हापूरहून आले की माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल. दोघं चला."

तुळसाला राग येत होता की रडू, ते तिलाच ठरवता येत नसावं. मग नाक पुसून म्हणाली, "येईन. पण आधी जिलेबी खाईन." आणि खरोखरच आत जाऊन तिने दोन खाल्ल्या, उभ्या उभ्या, चिमाकाकीकडे न बघता.

पंगत बसली. सासूबाईंनी सानिकाच्या पानात वरणभात वाढला, अर्धीच पुरणपोळी ठेवली आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर विचारलं, "एवढ्याची सुई घेतलेली हाय ना? पुरेल?"

"पुरेल, आई."

आर्या आईच्या मांडीला टेकून बसली होती. मघाच्या धावपळीने तिच्या हाताला अजून साखर चिकटलेली होती. ती जेवत नव्हती, पलीकडे बघत होती. निलेशच्या अंगणात ढोल चढला होता, धाकू गुरवाचा आवाज येत होता, आणि त्याच्यामागून सगळ्यांचं "होय म्हाराजा".

"आई," ती म्हणाली, "देवी आपल्या घरातून गाठ घेऊन गेली ना?"

"हं."

"मग ती आता निलेशकाकाच्या घरी ठेवणार?"