माणसाचं, पण माणसासाठी नाही

“सर, ही माणसाची बाटली हाय ना? मग माझ्या पोरीला एक द्या की.”

राजेंद्र सर आधी हसले. महाडच्या एमआयडीसीतल्या त्या लॅबमध्ये भागोजी पॅकिंगला होता. बोटाच्या पेराएवढ्या बाटल्या कोरड्या बर्फात ठेवायच्या, खोका बंद करायचा, गाडीत चढवायचा. आजवर त्याने कधी काही मागितलं नव्हतं.

“माणसाची म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?”

“लिवलंय की वर. ह्यूमन. आन् म्होरं लायपेज. मुंबईच्या डाक्टरनं ह्येच नाव सांगितलं व्हतं. माझ्या श्रुतिकाच्या अंगात ह्येच बनत नाय.”

सरांचं हसू मावळलं. श्रुतिकाचं रक्त काढलं की नळीत दुधासारखं पांढरं दिसायचं. तेलतूप फोडणारं लायपेजच नसल्याने खाल्लेलं तेलतूप रक्तातच साचून राहायचं, आणि मग पोटात अशी कळ उठायची की पोर जमिनीवर लोळायची. सर हे सगळं आज पहिल्यांदाच ऐकत होते.

“भागोजी, ह्यूमन म्हणजे मूळ नमुना माणसाचा. तो पेशींत घालून त्यांच्याकडून हे बनवून घेतात. पण ते प्रयोगापुरतं. खालची बारीक ओळ बघा, माणसाला द्यायचं नाही असंच लिहिलंय. टोचलं तर पोरगी हातची जाईल.”

“मग टोचायचं कोन बनवतं?”

“हा आजार दहा लाखांत एखाद्याला. परदेशात एक औषध आलं होतं, घेणारे मिळेनात म्हणून बंद केलं. आता नवी येतायत म्हणे. आपल्याकडे कधी, देव जाणे.”

भागोजीच्या डोक्यात तिडीक गेली. माणसाचं नाव लावायचं, माणसाच्या हातांनी भरायचं आणि माणसालाच द्यायचं नाही! बरं, सरांवर तरी किती चिडणार? खरं बोलणाऱ्याचं तोंड कसं फोडायचं? त्याने खोक्याची चिकटपट्टी इतकी ओढली की ती तटकन तुटली.

उमरठला घरी पोचला तेव्हा त्याची बायको आवडी वड्यांचं पीठ मळत होती. शिमग्याची पालखी आज त्यांच्या दारी येणार होती, आणि कंपनीतून औषध आणून पालखी येईल त्या दिवशी लेकीला पोटभर वडे खायला घालीन, असं भागोजीच महिनाभर सांगत होता. त्याने उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं.

“नाय म्हंजे?” आवडी उसळली. “वाडीभर सांगितलंय मी! देवाला गाऱ्हानं घातलंय!”

“त्ये माणसासाठी नाय गो.”

“मग कोनासाठी? उंदरांसाठी?”

“तसंच कायसं.”

“आग लागो तुमच्या कंपनीला! उंदराला हाय आन् माझ्या लेकीला नाय! तुमाला धड वाचता येत नाय, तर घरात बोललात कशाला?”

भागोजी उंबऱ्यावरच टेकला. खोटं काय होतं त्यात? आवडीने पिठाच्याच हातांनी चुलीवरची कढई धरली.

“आज ह्या घरात त्याल तापायचं नाय. देवाला म्हनावं, नारळ घे आन् जा!”

“आये, ठेव ती कढई!” श्रुतिका दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, आणि तिचा आवाज आईपेक्षा चढा होता. “माझ्या नावानं पालखी उपाशी धाडतेस? जल्मभर वाडी मलाच बोलंल! हो बाजूला. मी तळते.”

ती कुणाचं ऐकणार नव्हती. वडे तिनेच थापले, तिनेच तळले. ढोल वाजवत पालखी आली, ओवाळणं झालं, आणि माणसं ओटीवर पंगतीला बसली. वालाचं बिरडं आणि गरम वडे श्रुतिकाच वाढत होती. म्हाताऱ्या गोमाजीने तिला हटकलं.

“पोरी, औषध गावलं म्हनं तुजं? बस की गो आमच्यासंगं.”

“मी मागनं बसते, बाबा. तुमी घ्या अजून.” तिने त्याच्या पानात आणखी दोन वडे टाकले.

पालखी पुढच्या घरी गेली. श्रुतिका मोरीवर बसली. तिचे हात कोपरापर्यंत तेलाने चकाकत होते. आवडी तांब्याने पाणी घालत राहिली आणि ती साबणाने बोटन् बोट घासत राहिली, नखांखालीसुद्धा. मग हात पुसून तिने ताटात भात वाढून घेतला आणि त्यावर मीठ घातलं.