गळाले केस, आळ फणीवर

मित्रांनो, मी एक जुनी शिसवी फणी आहे. माझे दोन दात पडलेले आहेत. उरलेल्या दातांनी आज जे सांगणार आहे, ते गोड नाही. गोड ऐकायचं असेल तर एखाद्या प्लास्टिकच्या कंगव्याकडे जा. तो कुणाच्याही डोक्यावरून गुळगुळीत फिरतो.

मला आर्वीच्या देवाजी नावाच्या म्हाताऱ्याने घडवलं. करवतीने एकेक दात पाडायचा आणि मग मला स्वतःच्या गालावरून फिरवून पाहायचा. ज्या दाताने ओरखडा काढला, तो पुन्हा घासायचा. "पोरीच्या डोक्याले लागाले नाही पायजे," एवढंच त्याचं म्हणणं. अन्नपूर्णेच्या आईने तिच्या लग्नात मला पेटीत घातलं आणि मी तिच्यासोबत भिलाईला, सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये आले. भिलाई तेव्हा मध्यप्रदेशात होतं. तिचा नवरा विजयकुमार तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये ऑफिसर होता.

अन्नपूर्णेचे केस मांडीपर्यंत होते. रविवारी न्हाऊन ती मागच्या अंगणात बसली की मागच्या ओळीतली कलावती भिंतीवरून म्हणायची, "वहिनी, अर्धे मले द्या नं, तुमाले सांभाळून नाही होऊन राहिले." मग दोघी हसायच्या. माझ्या आयुष्यातलं कौतुक काय ते तेवढंच.

कलावतीचा नवरा श्यामराव प्लांटच्या रेल्वेत होता. ते बौद्ध. म्हणून आमच्या घरात कलावतीसाठी एक कप वेगळा होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथा ठेवलेला. सासूबाई रुक्माबाईंनी तो ठेवला, हे खरं. पण अन्नपूर्णा वर्षानुवर्षं त्याच कपातून तिला चहा देत होती, हेही खरं. झाकून कशाला ठेवू?

दुसऱ्या बाळंतपणानंतर अन्नपूर्णेचं अंग सुटलं, ते सुटतच गेलं. विजयकुमार मित्रांसमोर म्हणायचा की, हिला बसवलं की स्कूटरचं मागचं चाक बसते. मित्र हसायचे. तीही हसायची. दुसऱ्या सकाळी माझ्यावरचा तिचा हात असा जड पडायचा की डोक्याची साल निघावी. पुढे गुडघे गेले, साखर लागली. तेव्हा मुंबईच्या एका डॉक्टरने पोट शिवून लहान करण्याचं ऑपरेशन सुचवलं. तिकडे ते नवीनच होतं. ती तयार झाली. तिला जगायचं होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. मी तिच्या उशाशी पिशवीत होते, डॉक्टर काय बोलला ते मी ऐकलं आहे. तो नवराबायको दोघांना म्हणाला, "तीन-चार महिन्यांनी केस गळतील. घाबरू नका, परत येतील. आता पोटात थोडंच मावणार, म्हणून जे जाईल ते ताकदीचं जाऊ द्या. अंडं, डाळ, पनीर. आणि घास पार पाणी होईपर्यंत चावायचा."

घरी येऊन विजयकुमारने आईला सांगितलं, "कमी खायचं आहे." बस. प्लांटमध्ये शेकडो माणसांना हुकूम सोडणारा हा गडी, घरात अंडं न येऊ देणाऱ्या आईसमोर अंड्यातला 'अं' काढू शकला नाही. आणि डाळीपनीरचं बोलायला तर काही अडचण नव्हती! तेही याने गिळलं. अन्नपूर्णा माहेरी कधी मोठ्याने बोलली नव्हती, इथे कुठून बोलणार? डॉक्टरचं सगळं तिने एकट्या कलावतीला सांगितलं.

मग केस गळायला लागले. आधी बोटावर गुंडाळलेलं गुंतवळ बोराएवढं असायचं. थुंकून टाकून द्यायचं, झालं. आता मूठभर निघू लागलं, आणि त्यावर थुंकायला तिच्या तोंडाला थुंकी उरली नाही. रुक्माबाईंनी पहिला आळ माझ्यावर घेतला. "ही फणीच अवदसा हाये," म्हणून मला फेकलं. माझे दोन दात तेव्हा गेले. मी जाऊन पडले खिडकीत, त्या पालथ्या कपाशेजारी. तिथून पुढची खोली दारापर्यंत सरळ दिसायची. या घरात वाळीत टाकायची जागा तीच.

नवा कंगवा आला. केस गळतच राहिले. मग रुक्माबाई डोंगरगडच्या देवीला नवस बोलल्या. काय बोलल्या ते सांगितलं नाही. नवस सांगायचा नसतो म्हणे. पण केस येईपर्यंत सुनेने सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी धरायची, हे मात्र सांगितलं. ज्या पोटात चार घास मावत नव्हते, त्यात चमचाभर साबुदाणा जायचा. केस गळाले की उपवास वाढायचा, उपवास वाढला की केस गळायचे. कपाळावरून मागे टाळू दिसायला लागली. मित्रांनो, याला श्रद्धा म्हणतात. मी याला उपासमार म्हणते.

संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. बायका जमायच्या आधी रुक्माबाई सुनेला म्हणाल्या, "सवाशिणीत हे बोडकं डोस्कं घेऊन नको बसू व. अपशकुन दिसते." विजयकुमार दुपारच्या पाळीला निघाला होता, दारात बुटाच्या नाड्या बांधत होता. त्याने ऐकलं. त्याच्या नाड्या काही केल्या बांधून होईनात.

अन्नपूर्णा स्वयंपाकघरात खिडकीखाली येऊन बसली. सोमवार होता. पुढच्या खोलीत बायका तिची चौकशी करत होत्या आणि रुक्माबाई सांगत होत्या की तिला बरं नाही.

कलावतीला हळदीकुंकवाचं बोलावणं नसायचंच. ती अंगणातून कढीपत्ता न्यायला आली होती. खिडकीतून तिने पाहिलं.

"वहिनी, आज बी उपवास?"

अन्नपूर्णेने मान हलवली. कलावती घरी गेली आणि स्टीलच्या डब्यात उकडलेलं अंडं घेऊन आली. वर मीठ-मिरं टाकलेलं.

"आई पाहतीन," अन्नपूर्णा म्हणाली.

"पाहू द्या. तुमच्या सासूले टक्कल दिसते, भूक कावून नाही दिसत? आन् माह्या हातचं नसन चालत तर डब्यातून घ्या. अंडं कोंबडीनं देल्लं, मी नाही."

अन्नपूर्णेने खिडकीतल्या कपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, ही आता रडेल. ती उठली, तिने मागचं दार उघडलं, कलावतीचा हात धरला आणि तिला घेऊन पुढच्या खोलीत गेली. पदर डोक्यावरून खाली टाकला. बायकांच्या मधोमध बसली आणि तिने अंडं तोंडात घातलं.

"घर बाटवलं हिनं," रुक्माबाई म्हणाल्या.

घास पाणी होईपर्यंत चावायचा होता. ती चावत राहिली. तिच्या उत्तरासाठी अख्खी खोली ताटकळली. शेवटी ती म्हणाली, "डॉक्टरनं हेच खाले सांगतलं होतं, आई. यायलेबी सांगतलं होतं. इचारा यायले."

सगळ्या बायकांनी दाराकडे पाहिलं. विजयकुमार अजून नाड्या हातात धरून बुटाकडेच पाहत होता.

संध्याकाळी तिने खिडकीतून दोघांनाही उचललं. मला पदराने पुसलं आणि त्या कपात स्वतःचा चहा ओतला.

पुढे रोज अंडं झालं, डाळ झाली, उपवास बंद झाले. घरात अबोला राहिला. त्याला कोण विचारतं? उन्हाळा सरता सरता टाळूवर लव आली आणि दिवाळीपर्यंत बोटभर केस. माझ्यासारख्या फणीला तेवढ्यात करण्यासारखं काही नव्हतं. तरी ती मला रोज फिरवायची.

तेव्हा रुक्माबाईंनी नवस उघड केला. देवीने ऐकलं होतं, आता फेडायला डोंगरगडला जायचं. जे केस देवीने दिले, ते तिथे उतरवून वाहायचे.

आलेले केस, येतायेताच.

अन्नपूर्णा भांग पाडत होती. तिने हात थांबवला नाही.

"नवस तुमी बोल्ल्या, आई. फेडा तुमी. तुमची वेणी हाये नं शाबूत."

रुक्माबाईंचा हात आपसूक स्वतःच्या अंबाड्यावर गेला. तो त्यांनी घट्ट धरून ठेवला. डोंगरगडला कुणीच गेलं नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. घरात कुणा बाईचे केस गळाले तर फणी फेकू नका. आधी तिच्या ताटात काय पडतं ते पाहा. आणि तुमच्या खिडकीत एखादा वेगळा कप पालथा असेल, तर तो आजच उचला. मी त्याच्या शेजारी राहिलेली आहे. तिथे धूळ फार बसते.