शनिवारची बोट

शनिवार सौमित्रला नकोसा वाटायचा. जपानमधल्या तोयोसुच्या ऑफिसात, कॅलेंडरवरचा गळ टाकून बसलेला माणूस बघून, बोलायला काहीतरी हवं म्हणून तो एकदा साहेबांना म्हणाला होता, "काय मजा येत असेल, नाही?" तेवढं पुरलं. महिन्याभरात साहेबांनी, मोरिता-साननी, छोटी मोटरबोटच विकत घेतली. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी हा शुद्ध शाकाहारी माणूस नदीच्या मधोमध गळ धरून बसायचा. पळून जाणार कुठे?

आज मात्र सांगून टाकायचंच, असं ठरवून त्यानं तोंड उघडलं, तोच मोरिता-सान बोटीच्या कडेवरून वाकून भडाभडा ओकले.

"माफ करा," तोंड पुसत ते म्हणाले. "मला लहानपणापासून बोट लागते. पण त्या मोठ्या भूकंपानंतर तुमचे सगळे मित्र मायदेशी परतले, तुम्ही मात्र आमच्याबरोबर राहिलात. तुमच्या आवडीचं काहीतरी करायचं होतं."

सौमित्र राहिला होता तो केवळ रजा मागायची हिंमत झाली नाही म्हणून.

त्यानं गळाला गांडूळ लावलं.

"पुढच्या शनिवारी जरा लवकर निघू या," तो म्हणाला.