डावीकडची जागा

राधाकृष्ण इन्स्पेक्टरांनी बॉनेटपाशी वाकून शिशाचं सील बोटांनी फिरवून पाहिलं, तेवढ्यात गाडीखालून एक कोंबडी ओरडत बाहेर पडली आणि त्यांच्या पायांमधून निघून गेली. ते दचकून मागे सरले. गोठ्याच्या दारात उभ्या असलेल्या मुक्ताबाईंनी पदर तोंडाला लावला.

"ही रोज इथंच बसते वाटतं?"

"सावली हाय न्हवं, सायेब. तिला काय ठावं गाडी सरकारच्या ताब्यात हाय म्हनून."

इन्स्पेक्टर हसले. ते साखर कारखान्यावरचे अबकारी इन्स्पेक्टर होते. साखरेच्या गोदामाला सील लावायचं आणि काढायचं, हे त्यांचं काम. पण कस्टमही त्यांच्याच खात्याकडे, म्हणून कोल्हारच्या एका गोठ्यात उभी असलेली ही विलायती मॉरिस गाडी त्यांच्या गळ्यात पडली होती. महिन्याला एकदा ते सायकलवरून येत, सील पाहत, चहा घेत आणि गाडी जागेवर आहे असं लिहून पाठवत.

अब्राहाम पारधे गाडीतच बसला होता. डावीकडच्या सीटवर, दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून. शेजारची चालकाची सीट अगदी पुढे, स्टिअरिंगला लागून सरकवलेली होती आणि तिच्यावर एक गोधडी चौपदरी घडी करून ठेवलेली होती. त्याची बायको मरिया बुटकी होती. गोधडीशिवाय तिला काचेतून रस्ता दिसत नसे. गेल्या वर्षभरात त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. पोरं खेळता खेळता दाराला हात लावत, तेव्हा अब्राहाम एरवी कधी ओरडत नसे तसा ओरडे.

"पारधे, जरा बाहेर या," इन्स्पेक्टर म्हणाले. "माझी बदली झालीय. पुढच्या महिन्यापासून दुसरे साहेब येतील."

अब्राहाम उठला. दानीएल, त्याचा थोरला भाऊ आणि मुक्ताबाईंचा नवरा, वैरण टाकता टाकता थांबला.

"नवे साहेब कसे असतील सांगता येत नाही," इन्स्पेक्टर म्हणाले. "ते कदाचित गाडी नगरला नेऊन उघड्यावर ठेवतील. म्हणून म्हणतो, माझ्या हातून होतंय तोवर करून टाका. पावसाळ्यापूर्वी सांगितलं होतं तेच. गाडी सरकारजमा करतो असं लिहून द्या. जकात नाही, दंड नाही. पासपोर्टवरची नोंद मी स्वतः उभा राहून रद्द करून घेतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही मुंबईला जाऊन विलायतेचं विमान पकडा."

अब्राहाम गाडीच्या टपावरची धूळ तळहाताने पुसत राहिला.

दानीएलने वैरणीची पेंढी खाली ठेवली.

"पावसाळ्याच्या आदी?" तो म्हणाला. "म्हंजी तवाच जाता येत हुतं?"

कोंबडी परत गाडीखाली शिरली.

"साहेब चहा घेतील," अब्राहाम म्हणाला.

हे सगळं सुरू झालं होतं मरियाच्या हट्टातून. कॉव्हेंट्रीत तिने सुईण म्हणून वीस वर्षं काढली. रात्री-बेरात्री बाळंतपणाला जावं लागे म्हणून ती गाडी शिकली आणि स्वतःच्या पगारातून तिने ही निळी मॉरिस घेतली. अब्राहाम कारखान्यात फिटर होता. यंत्र उघडून जोडायला त्याला भीती वाटत नसे, पण चालत्या रस्त्यावर त्याचे हात कापत. तो कधी शिकला नाही. सारा, त्यांची मुलगी, तिकडेच लग्न होऊन गेल्यावर मरिया म्हणाली, आता सहा महिने गावी जाऊ, आणि विमानाने नाही, गाडीने जाऊ. आपली गाडी मुक्ताला दाखवायची आहे.

समुद्र ओलांडल्यावर पहिल्याच दिवशी अडचण आली. विलायतेत आपल्यासारखं डावीकडून चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. समुद्रापलीकडे, युरोपात मात्र सगळे उजवीकडून चालतात. पुढे ट्रक आला की उजवीकडे बसलेल्या मरियाला ट्रकचं मागचं फळकूट सोडून काही दिसत नसे. समोरून येणारं दिसे ते फक्त डावीकडे बसलेल्या अब्राहामला. तो खिडकीतून मान बाहेर काढी. समोरून कुणी येत असलं तर म्हणे, "थांब." रस्ता रिकामा असला तर म्हणे, "काढ." त्याने 'काढ' म्हटलं की मरिया स्वतः न पाहता गाडी बाहेर काढत असे. जर्मनीत, तुर्कस्तानात, इराणच्या वाळवंटात, पार अफगाणिस्तानापर्यंत त्यांचं बोलणं कधी कधी दिवसभर एवढंच होई.

खैबर उतरल्यावर गाड्या परत डावीकडून चालू लागल्या. मरियाला आता सगळं स्वतःला दिसत होतं.

"तुमचं काम संपलं," ती म्हणाली होती. "झोपा आता खुशाल."

तो झोपला नव्हता.

वाघा सरहद्दीवर गाडीची नोंद पासपोर्टवर करतात. गाडी चालवत आली होती मरिया, पण अधिकाऱ्याने नंबर चढवला अब्राहामच्या पासपोर्टवर. बाईची गाडी असेल असं त्याच्या मनातही आलं नाही. गाडी देशात विकायची नाही, कुणाला द्यायची नाही, जाताना बरोबर न्यायची, असं त्याने समजावून सांगितलं. मरिया पुढे गावापर्यंत त्यावर हसत होती.

"बघा हं," ती म्हणाली, "आता एक वेळ माझ्याशिवाय जाता येईल तुम्हाला, पण गाडीशिवाय जाता यायचं नाही."

डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई लागली आणि सरहद्द बंद झाली. जानेवारीत एका सकाळी मुक्ताबाईंशी बोलत भाकरी थापताना मरियाच्या छातीत कळ आली. श्रीरामपूरच्या दवाखान्यात न्यायचं, तर गाडी दारात उभी होती आणि ती चालवणारं दुसरं कुणी घरात नव्हतं. दानीएलने बैलगाडी जुंपली. बैलगाडी गावाबाहेर पडेपर्यंत सगळं संपलं होतं.

गाडी परत न्यायची मुदत संपल्यावर तिला सील लागलं. जकात गाडीच्या किमतीहून जास्त होती आणि गाडी बोटीने न्यायचं भाडं अब्राहामला झेपणारं नव्हतं. अब्राहाम गावात अडकला तो अडकलाच. लोक विचारत, तेव्हा तो म्हणे, गाडीमुळं जाता येत न्हाई. हे सगळ्यांना पटे. मुक्ताबाई गाडीला निळी म्हैस म्हणत. दूध देईना, विकता येईना आणि दावणही सोडीना.

इन्स्पेक्टर चहा पिऊन गेल्यावर दानीएल ओट्यावर येऊन बसला. अब्राहाम खांबाला टेकून होता.

"सारीचे मार्चात दिस भरत्यात," दानीएल म्हणाला.

"ठावं हाय."

"पयलटकरीन हाय ती."

"दादा, जावई चांगला हाय. दवाखाना दाराशी हाय."

"मी कुटं म्हनतो वाईट हाय म्हनून?" दानीएलचा आवाज चढला. "वरीसभर मी देवळात तुझ्यासाठी प्रार्थना मागतोय, माझ्या भावाची सुटका कर म्हनून. पाळकसायेबांनी बी मागितली. अख्खी मंडळी उभी ऱ्हायली. अन् तू खाली मान घालून आमेन म्हनत हुतास?"

अब्राहामने खांबाचा उडालेला रंग नखाने खरवडायला सुरुवात केली.

मुक्ताबाई आतून आल्या. त्यांच्या हाताला पीठ होतं.

"भांडत काय बसलाय तिथं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "जा, बैल पानी प्यायचेत." दानीएल उठून गेला. मग त्या दिराला म्हणाल्या, "भावजी, सारी माझ्या हातावर जल्मली. मरियानं माझं मनगट धरलं हुतं, असं. चार दिस वळ हुता. सारीनं कुनाचं धरायचं?"

"वैनी, मी बापई मानूस. मी काय करनार?"

"दाराभाईर बसा. पर बसा."

त्या आत गेल्या. बराच वेळ भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला. अब्राहाम उठला, तो गोठ्याकडे गेला नाही. सायकल काढून तो कारखान्याच्या रस्त्याला लागला.

गाडी न्यायच्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टर ड्रायव्हरला घेऊन आले. ड्रायव्हरचं नाव बन्सी. खात्याची जीप चालवणारा, कर्जतकडचा, उंच आणि हाडापेराने मोठा माणूस. त्याने येताना दुसरी बॅटरी आणली होती. इन्स्पेक्टरांनी सील तोडलं, शिशाचा तुकडा खिशात टाकला आणि म्हणाले, "मी एस.टी.नं पुढं होतो. नगरला कागद तयार ठेवतो. तुम्ही गाडीबरोबर या. तिथूनच मुंबईची गाडी पकडता येईल."

बन्सीने बॅटरी जोडली, चाकांत हवा भरली. पाना मागायला त्याने हात पुढे केला की अब्राहाम न सांगता हवा तो पाना देत होता. मग बन्सी दार उघडून चालकाच्या सीटवर बसायला गेला आणि अर्ध्यातच अडकला. त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले होते.

"कोन चालवीत हुतं ही?" तो म्हणाला. "शाळंतलं पोरगं?"

कुणी हसलं नाही. बन्सीने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि खाली उतरला. गोधडी उचलून त्याने ती दानीएलच्या हातात दिली. मग सीट मागे ढकलून पाहिली. सीट हलली नाही. रेटा दिला, तरी हलली नाही.

"गंज धरलाय. घासलेट हाय का?"

"घासलेटनं व्हायची न्हाई," अब्राहाम म्हणाला. "तुमी बाजूला व्हा."

तो गुडघे टेकून बसला. सीटखाली हात घातला, खटका थोडा उचलला, आणि मागे ढकलण्याऐवजी सीट आधी बोटभर पुढे ओढली. कॉव्हेंट्रीत पहिल्या हिवाळ्यातच ती अशी अडकायला लागली होती. मरिया सांगत होती, दुरुस्त करा. तो म्हणे, तुला कुठं मागं न्यायची आहे ती?

खटका सुटला. सीट सरकत मागे गेली आणि टोकाला जाऊन आदळली. रुळावर जिथे ती इतकी वर्षं उभी होती, तिथे लोखंड अजून चकचकीत होतं. अब्राहाम थोडा वेळ तसाच गुडघ्यांवर राहिला. मग बनियनला हात पुसून उभा राहिला.

गाडी किल्लीने सुरू झाली नाही. दानीएल, शेजारचा मच्छिंद्र आणि गल्लीतली चार माणसं मागे लागली. गाडी ढकलत ढकलत चावडीपर्यंत नेली, तेव्हा ती एकदा ठसकली आणि काळा धूर सोडून चालू झाली. पोरं ओरडली. गोठ्यातली कोंबडी मोकळ्या जागेत उभी राहून इकडेतिकडे पाहत होती.

ट्रंक मागच्या सीटवर ठेवली. अब्राहामने भावाला वाकून नमस्कार केला. दानीएलने त्याला उठवलं नाही, फक्त डोक्यावर हात ठेवला आणि ठेवूनच राहिला.

"आता काय मागू देवळात?" तो म्हणाला.

"सारीसाठी मागा."

मुक्ताबाईंनी गोधडी झटकून आणली होती. ती त्यांनीच शिवलेली होती, फार वर्षांपूर्वी विलायतेला पाठवलेली. त्यांनी ती खिडकीतून त्याच्या मांडीवर ठेवली.

"तिच्या लेकराला व्हईल," त्या म्हणाल्या. "धुतली न्हाई मी. तिकडं गेल्यावर धुवा."

गाडी नगर-मनमाड रस्त्याला लागली. बन्सी जपून चालवत होता. पावसाने दगा दिलेला होता, दोन्ही बाजूंची रानं उघडी पडली होती. पाटाच्या पाण्यावर कुठे थोडा ऊस वाचला होता, तेवढाच कारखान्याकडे चालला होता.

"गाडी नामी हाय," बन्सी म्हणाला. "तुमी न्हाई चालवत?"

"न्हाई. मी नुसता बसायचो."

पुढे उसाची बैलगाडी आली. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, रस्ता भरून गेलेला. बन्सीने हॉर्न दिला. बैलगाडीवाल्याने मागे पाहिलं नाही. बन्सीने उजवीकडे मान काढली, समोर पाहिलं आणि स्टिअरिंग वळवायला घेतलं.

"थांब," अब्राहाम म्हणाला.

बन्सीने ब्रेक दाबला. परत मान काढून त्याने समोर पाहिलं. रस्ता दूरपर्यंत रिकामा होता.

"कोन न्हाई, सायेब. समदं दिसतंय मला हितनं."

अब्राहामच्या बाजूने समोरचं काही दिसत नव्हतं, फक्त उसाचे शेंडे आणि बैलगाडीचं एक चाक. आणि डावीकडे, रस्त्याला लागून, मिशनच्या कबरस्तानाची बुटकी भिंत. बन्सीने गाडी पहिल्या गिअरमध्ये बैलांच्या चालीने चालवली. भिंतीपलीकडचा लिंब आला. नाताळात दानीएलने चुना दिलेला मरियाचा क्रूस आला, आणि चाकाच्या एकेका फेऱ्याबरोबर हळूहळू मागे सरकत गेला. अब्राहामने दोन्ही हात गोधडीत घातले होते.

भिंत संपली. दुष्काळी कामावरच्या बायकांनी फोडलेल्या खडीचे ढीग सुरू झाले.

बन्सी गिअरवर हात ठेवून वाट पाहत होता.

"काढ," अब्राहाम म्हणाला.