डागातली अक्षरं

केळीचा चीक कपड्याला लागला की आधी पाण्यासारखा दिसतो. माणूस म्हणतो, काही नाही, वाळेल. दुसऱ्या दिवशी तिथं तपकिरी डाग उमटतो आणि मग साबण, सोडा, बायकोची कटकट, कशानंच जात नाही. चोपड्याकडे केळी कापून ट्रक भरायचं काम मी पंधरा वर्षं केलं. एकही सदरा धड नव्हता. एवढं ठाऊक असून मी आंधळाच राहिलो.

घरात मायचा नियम होता, सुनेचं पत्र वाचून दाखवल्याशिवाय बाहेर जायचं नाही. मायला अक्षर येत नव्हतं, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. द्रौपदा, माझी बायको, दोंडाईच्याला भावाला लिहायची. त्याच चार ओळी. खुशाल आहे, पाऊसपाणी बरं आहे, मोठ्यांना नमस्कार. मी भरभर वाचायचो, माय मान हलवायची, मग द्रौपदा आंतर्देशीय पत्र चिकटवून माझ्या खिशात टाकायची.

शहाऐंशी सालच्या त्या खेपेचं पत्र खिशातच राहिलं. ट्रकवर ट्रक लागत होते. घरी आलो की घास चावायचंही त्राण नसायचं. तिनं दोनदा विचारलं, टाकलं का. दोन्ही वेळा मी हो म्हणालो. रोज संध्याकाळी एस्टीच्या वेळेला ती दारात उभी राहायची. मला वाटायचं, वारा घेतेय.

पाचव्या दिवशी पत्र हाताला लागलं, तर त्यावर तपकिरी डाग. सदऱ्याचा चीक उतरला म्हणून मी स्वतःलाच शिव्या घातल्या. मग नीट पाहिलं. डाग आतून उमटले होते आणि त्यांना काना-मात्रा होत्या.

शेतातल्या खोपीत बसून पत्र फोडलं. शाईच्या ओळींमधल्या कोऱ्या जागेत काडी चिकात बुडवून लिहिलेलं होतं. घरामागं केळीचे दोन खुंट होतेच. शाळेत गुरुजींनी लिंबाच्या आणि कांद्याच्या रसानं लिहून, कागद दिव्यावर शेकून अक्षरं दाखवली होती, ते मलाही आठवत होतं. पण त्याला आच लागते, आणि भावाला ते सांगणार कोण? चिकाला नुसती हवा पुरते. तीन दिवसांत पत्र पोचेल, तोवर अक्षरं आपोआप वर येतील, असं तिनं धरलं होतं.

"निंबाभाऊ, आठ दिवस मला न्यायला ये. इथं कोणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. पण फार थकले रे. हे स्वतःच दमून येतात, त्यांना काय सांगू? पत्र वाचतात म्हणून असं लिहिलं."

मला लाज वाटली. थकलो मीही होतो, ते खोटं नव्हतं. पण मी थकलो की सगळ्या घराला कळायचं, पाणी पुढं यायचं, पाट मांडला जायचा.

संध्याकाळी नवं आंतर्देशीय आणून जुन्यासकट तिच्यापुढे ठेवलं. डाग बघून तिचा चेहरा पांढरा पडला. मी म्हणालो, "सरळ शाईघाई लिख, चिकघाई नको. मी वाचाव नही."

आतून माय विचारत राहिली, काय चाललंय. द्रौपदा बराच वेळ लिहीत होती. तिनं पत्र चिकटवलं आणि मी सवयीनं हात पुढे केला.

तिनं ते पदराखाली धरलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "टाकाले मी जासू."