थोडंसं चुकणारं यंत्र

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं घालवल्यावर माणूस ज्या नजरेनं जगाकडे बघतो, त्याच नजरेनं निरीक्षक काउंटरवरच्या तीन यंत्रांकडे बघत होते. मोटारसायकलच्या हँडलवर बसवायची, उपग्रहाला विचारून रस्ता सांगणारी यंत्रं. विक्रेत्यानं ती काळ्या मखमलीवर ओळीनं मांडली होती. मखमल दिसली की निरीक्षकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. चांगल्या मालाला मखमल कशाला लागते?

"किती चुकतं?" त्यांनी पहिल्या यंत्राकडे बोट केलं.

"अजिबात नाही साहेब. फार तर तीन मीटर."

"म्हणजे चुकतं."

"आता तीन मीटर म्हणजे काय हो साहेब…"

"कापड तीन मीटर कमी दिलंत, तर गिऱ्हाईक असंच म्हणेल?"

विक्रेत्यानं मदतीसाठी शेजारी बसलेल्या बाईंकडे पाहिलं. निरीक्षकांची बायको मांडीवर पिशवी घेऊन शांतपणे बसली होती. या माणसाबरोबर तिनं एकदा थर्मामीटर विकत घेतला होता. त्या मानानं आजचं बरं चाललं होतं.

विक्रेत्याचा समज झाला, की साहेबांना याहून अचूक काहीतरी हवंय. तिथंच तो फसला. ज्या माणसानं आयुष्यभर बाजाराला ग्रॅमाग्रॅमाचा जाब विचारला, त्याला आज जन्मात पहिल्यांदा चुकणारं यंत्र हवं होतं. आणि हे बोलायची सोय नव्हती.

ही वेळ त्यांनी स्वतःच ओढवून घेतली होती. गेलं वर्षभर दर गुरुवारी ते दीड तास उशिरा घरी यायचे आणि "रस्ता चुकलो" म्हणायचे. निमित्तांना तोटा नव्हता. नवा पूल, एकेरी वाहतूक, खणून ठेवलेला चौक. पहिल्यांदा बायकोनं विश्वास ठेवला, मग कीव केली, मग डोक्याच्या डॉक्टरचं नाव काढलं. हो ना करता करता प्रकरण या दुकानापर्यंत येऊन थांबलं.

खरं तर शहरातला खड्डा अन् खड्डा त्यांच्या ओळखीचा होता. दर गुरुवारी ते शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचे आणि एका टायरवाल्याच्या पत्र्याखाली, डोक्यावरचं हेल्मेट न काढता, तासभर उभे राहायचे. समोर खिळे, बिजागऱ्या, कड्याकोयंडे विकणारं एक दुकान होतं. दुकान त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाचं होतं. अकरा वर्षांपूर्वी निरीक्षकांनी त्याला सील ठोकलं होतं. दादाचा काटा किलोला बारा ग्रॅम जास्त दाखवत होता, म्हणजे गिऱ्हाइकाच्या पदरात तितके खिळे कमी. "सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं?" असं तेव्हा ते ऐटीत म्हणाले होते.

तीन महिन्यांनी त्यांच्याच पेटीतली वजनं वार्षिक तपासणीला गेली. किलोचं वजन बारा ग्रॅम जड निघालं.

त्यांनी शिपायाच्या हाती एक पत्र धाडून सील काढवलं. पत्रात एकच ओळ होती, 'दोष दूर झाला आहे.' कोणाचा, ते लिहिलं नव्हतं. पण तोवर दोन्ही घरांत बोलणं बंद झालं होतं, आणि सगळ्या नातेवाइकांसमोर बायकोनं ठणकावलं होतं, "आमचे हे चुकत नाहीत." त्या एका वाक्यापायी तिनं सख्खी जाऊ तोडली. अकरा वर्षं ती त्या वाक्यावर ठाम होती. आता तिला सांगायचं तरी कसं?

"याला…" निरीक्षकांनी आवाज शक्य तितका कोरडा ठेवला, "याला लक्षात किती राहतं?"

विक्रेत्याचा चेहरा उजळला. "वर्षभराचं, साहेब! तारीख, वेळ, कुठं गेलात, कुठं किती मिनिटं थांबलात, सगळं!"

"अगबाई," बायको म्हणाली. "थांबलेलंसुद्धा?"

निरीक्षकांनी घाईनं बोट पुढच्या यंत्राकडे सरकवलं. "ते मधलं?"

"त्यालाही राहतं, पण महिनाभरच."

"आणि ते बारकं?"

"ते राहू द्या साहेब." विक्रेत्यानं आवाज खाली आणला. "त्याला नुसता बाण आहे. आठवण म्हणाल तर शून्य. उंच इमारतींमध्ये कधीकधी जरा भांबावतंसुद्धा."

"हे बघू," निरीक्षक म्हणाले. मालाचा दोष ऐकून गिऱ्हाइकाचे डोळे चमकलेले विक्रेत्यानं पहिल्यांदाच पाहिले. त्याला संशय आला. चालवून बघायला देताना त्यानं साहेबांचं ओळखपत्र ठेवून घेतलं.

यंत्र हँडलवर बसलं. "पत्ता मी घालते," बायको म्हणाली. "माझ्या मावसबहिणीकडे जाऊन येऊ." चष्मा न लावता तिनं पाच सेकंदांत पत्ता घातला. निरीक्षकांच्या मनातली पाल पुन्हा चुकचुकली. ही बाई चष्म्याशिवाय वाण्याची यादी वाचत नाही. मग हा पत्ता तिच्या बोटांत कुठून आला? शिवाय मावसबहिणीचं नाव वर्षभरात निघालं नव्हतं.

"पुढे डावीकडे वळा," यंत्र म्हणालं.

तिसऱ्या वळणाला त्यांना उमगलं. हा गुरुवारचा रस्ता होता. त्यांनी सरळ जायच्या जागी उजवी घेतली.

"नवा मार्ग शोधत आहे."

"चुकलात का हो?" मागून आवाज आला. इतका गोड, की अंगावर काटा यावा.

"चुकलो वाटतं."

"असू दे. ते शोधतंय ना."

मग त्यांनी पुलाखालून गाडी काढली, एका बोळात घातली, शाळेला वळसा घातला. यंत्र दर वेळी तेवढंच बोलायचं आणि पुन्हा त्याच दिशेला न्यायचं. टोमणा नाही, सुस्कारा नाही. दादाकडे जाण्याबद्दल इतक्या शांतपणे त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. शेवटी बोळ संपले.

"तुमचं ठिकाण डाव्या हाताला आहे."

डाव्या हाताला टायरवाल्याचा पत्रा होता.

बायको खाली उतरली. "इथंच उभे राहता ना?"

"कोणी सांगितलं तुला?"

"जाऊबाईंनी. महिना झाला फोन येऊन. म्हणाल्या, भर उन्हात हेल्मेट घालून तासभर ताठ उभा राहणारा माणूस या जगात एकच असू शकतो. आणि माझं चुकलंच समजा, पण मीही फोन ठेवला नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"चार गुरुवार वाट बघितली, तुम्ही तोंड उघडाल म्हणून. शेवटी म्हटलं, या माणसाला रस्ता दाखवायला यंत्रच आणावं लागणार."

समोरच्या दुकानातून दादा बाहेर आला. केस पांढरे, पण कमरेवर हात ठेवून उभं राहायची पद्धत तीच.

"काय रे? पुन्हा तपासायला आलास?"

निरीक्षकांनी घसा खाकरला. खरं बोलायचं तर सोप्यापासून सुरुवात करावी, असं त्यांना वाटलं. "हे यंत्र चुकतंय," ते म्हणाले. "दुकान उजव्या हाताला आहे. हे डावीकडे सांगतंय."

"मग ठोक त्याला सील."

निरीक्षकांनी हेल्मेट काढलं. इतक्या गुरुवारांत पहिल्यांदाच.

"दादा, तुझा काटा बरोबर होता. माझंच वजन जड होतं. बारा ग्रॅम."

"कधी कळलं तुला?"

"तीन महिन्यांनी."

दादानं मान हलवली. "पत्र जपून ठेवलंय मी. 'दोष दूर झाला आहे.' दर दिवाबत्तीला वाचतो आणि विचार करतो, कोणाचा रे? आज उलगडा झाला." त्यानं पायानं एक स्टूल पुढे सरकवलं. "बस. अजून मी तुला माफ केलेलं नाही, पण उभं राहून राहून तुझे गुडघे गेले असतील."

पण निरीक्षक स्टुलाकडे बघत नव्हते. ते बायकोकडे बघत होते.

"म्हणजे मी अकरा वर्षं…" ती म्हणाली.

"हो."

"सगळ्यांसमोर…"

"हो."

मखमलीवरच्या यंत्रांकडे ते जसे बघत होते, तशी ती त्यांच्याकडे बघत राहिली. "आणखी काय काय जड आहे, ते घरी गेल्यावर तपासू," म्हणाली आणि रस्ता ओलांडून दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या जावेकडे गेली. दोघी आत शिरल्या. निरीक्षकही रस्ता ओलांडून स्टुलावर बसले. दादानं नव्या काट्यावर खिळे तोलायला घेतले, जरा जास्तच आवाज करत.

थोड्या वेळानं ती दारात आली.

"अहो, यंत्राचं ठरलं माझं. पहिलं घ्यायचं. सगळं लक्षात ठेवणारं."

"तीन मीटर चुकतं ते," निरीक्षक हळूच म्हणाले.

"चुकू दे. तीन मीटरपर्यंत मी सांभाळून घेईन."